निषादाचा हत्ती

हरिश्चंद्र भाटकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘नादबंदर’ नावाचं संगीताचं त्रैमासिक काढलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. माळनाक्याजवळच्या त्यांच्या घराची पुढची पडवी हेच कार्यालय. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक आणि जुन्या अंकांचे गठ्ठे. अंक छापून आला की त्यांची पत्नी सावित्री तो वेष्टनात घालायची, पत्ता चिकटवायची आणि पोस्टात टाकायची. वर्गणीदार तीनशे चौऱ्याऐंशी. त्यांतले निम्म्याहून जास्त पुण्या-मुंबईचे.

आपला वाचक कसा आहे हे हरिश्चंद्रांना पक्कं माहीत होतं. तो संध्याकाळी आरामखुर्चीत बसतो, चष्मा पुसतो, पान एकपासून वाचायला लागतो आणि मुद्रकाच्या नावापर्यंत थांबत नाही. असा वाचक त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. पण एकोणीस वर्षं ते त्याच्यासाठीच लिहीत होते आणि तो नाराज होऊ नये म्हणून फार जपत होते.

अंकाची पानं लावायची ती मृणाली शिवलकर. ती मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या छापखान्यात कामाला होती. एरवी आंब्याच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करायची आणि तीन महिन्यांतून एकदा ‘नादबंदर’. कोल्हापुरात जाऊन ती हे काम रीतसर शिकून आली होती. पहिल्याच अंकाच्या वेळी तिनं पानाच्या चारी बाजूंना दोन बोटं समास सोडला, अक्षर मोठं केलं, आणि हरिश्चंद्रांनी ते पान परत पाठवलं. कोरी जागा म्हणजे वाचकाची फसवणूक, असं त्यांचं मत होतं. तिनं एकदा सांगून पाहिलं की इतक्या बारीक आणि दाट ओळींत आपली नजर पुन्हापुन्हा त्याच ओळीवर येते. त्यावर ते म्हणाले, आपले वाचक नजर घसरणाऱ्यांपैकी नाहीत. तेव्हापासून चार वर्षं ती त्यांना हवी तशी पानं लावून देत होती.

श्रावणाच्या अंकात त्यांनी स्वतःचा एक लेख घातला होता. सात स्वर कोणकोणत्या प्राण्यांच्या आवाजातून आले, याबद्दल जुन्या ग्रंथांत काय सांगितलंय त्याचा. षड्ज मोराचा, ऋषभ बैलाचा, कुणी म्हणतं चातकाचा, गांधार बोकडाचा, असं करत करत सहा पानं. त्या लेखासाठी त्यांनी दोन वर्षं पुस्तकं जमवली होती. अंक शुक्रवारी छपाईला जायचा होता. गुरुवारी ते प्रूफ द्यायला मिरजोळ्याला निघाले, तर वाटेत नाक्यावर शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचा हा एवढा बॅनर लागलेला आणि खाली कर्ण्यावर जाखडी नाचाची गाणी चाललेली. रिक्षा तिथंच दहा मिनिटं अडकली. हरिश्चंद्रांनी त्याच रिक्षात वहीच्या पानावर चौदा ओळी लिहिल्या आणि त्या संपादकीयात घालायला मृणालीला दिल्या. लोकांची अभिरुची कशी घसरत चालली आहे, दोन्ही पायांत घुंगरं बांधून गोल गोल फिरणं आणि कर्ण्यावर ओरडणं यालाच लोक आता संगीत कसं समजतात, असा तो मजकूर होता.

तिसऱ्या पानावर चौदा ओळी वाढल्या की त्यांच्यामागचा सगळा मजकूर चौदा ओळींनी पुढं सरकतो. पान पंधरावर काजूगराच्या एका कारखान्याची पानभर जाहिरात होती आणि ती जागची हलणार नव्हती. मृणालीनं संध्याकाळी फोन केला. चौदाव्या पानावर मजकूर चौकटीत मावत नाही, कोपऱ्यात तांबडी खूण येतेय, असं तिनं सांगितलं.

“ती खूण छापून येते का?” हरिश्चंद्रांनी विचारलं.

“नाही, ती फक्त स्क्रीनवर दिसते.”

“मग राहू दे.”

मृणालीच्या टेबलावर त्या दिवशी गणपतीच्या अकरा आरतीसंग्रहांचं काम पडलं होतं. संपादकांनी राहू दे म्हटलं, तिनं राहू दिलं.

अंक आला, वेष्टनात गेला, पोस्टात पडला. हरिश्चंद्रांची एक सवय होती. सगळे अंक रवाना झाले की स्वतःची प्रत घेऊन ते चहाबरोबर वाचायला बसत, आपण कुणी परके वाचक आहोत असं समजून. ते चौदाव्या पानाच्या तळाशी आले. शेवटची ओळ होती, ‘आता राहिला निषाद. निषादाचा जनक’. एवढंच. त्याच्या शेजारी, पान पंधरावर, काजूच्या कारखान्याचे मालक हात जोडून हसत उभे होते.

हरिश्चंद्रांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांनी लगेच खुलासा लिहायला घेतला. ‘मुद्रणदोषामुळे’ अशी सुरुवात केली आणि मृणालीला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, मुद्रणात काही दोष नव्हता, जेवढं दिलं तेवढं छापलं. मग त्यांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. तशी घाई नव्हती. आधी पत्रं येतील, त्यांचा सूर पाहू आणि मग खुलाशाचा सूर ठरवू, असा त्यांनी विचार केला.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. पोस्टमन दारावरून जाताना हात हलवून पुढं जायचा. तीनशे चौऱ्याऐंशी माणसांना आपण सहा स्वर देऊन सातवा दिलेला नाही आणि त्यांतल्या एकालाही त्याचं काही वाटलेलं नाही, हे हरिश्चंद्रांना पटेना. एकविसाव्या दिवशी पुण्याहून एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आलं. लेख फारच आवडल्याचं त्यांनी कळवलं होतं. विशेषतः शेवट. निषादाचा जनक सांगण्याऐवजी ते वाचकाच्या कल्पनेवर सोडून देण्याचं धाडस आजकाल कोण करतं, असं त्यांनी लिहिलं होतं. हरिश्चंद्रांनी ते पत्र सावित्रीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे निदान त्यांनी तरी चौदापर्यंत वाचलं.”

न राहवून त्यांनी दादरच्या एका जुन्या वर्गणीदाराला फोन केला. पत्ता बदलला नाही ना, असं निमित्त काढून मग अंक कसा वाटला म्हणून विचारलं. उत्तम, नेहमीसारखाच, तो गृहस्थ म्हणाला. टेलिफोनवरचे बारीकसारीक आवाज ओळखण्यात हरिश्चंद्रांचं आयुष्य गेलेलं. त्या ‘उत्तम’च्या मागे त्यांना कागद फाडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. वेष्टन तेव्हा फुटत होतं.

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले असतील. मृणाली दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दाखवायला आली होती. फाटक वाजलं आणि एक साठीतला, सडपातळ, पांढऱ्या शर्टाचा माणूस आत आला. त्यानं चप्पल पायरीखाली काढली, बाकावर बसला आणि पिशवीतून श्रावणाचा अंक काढून टेबलावर ठेवला. तो दादू गोरिवले. पालीच्या पुढं चार किलोमीटर आत त्याचं गाव. मुंबईत एका कंपनीच्या गोदामात तीस वर्षं काढून गावी परत आलेला, आता भात आणि बारा हापूसची कलमं सांभाळणारा, आणि गेली चाळीस वर्षं जाखडीत शक्तीवाल्यांचा शाहीर.

शाहीर म्हटल्यावर हरिश्चंद्रांनी मनात पान तीन आठवलं आणि खुर्ची थोडी मागं सरकवली. पण दादू भांडायला आला नव्हता. त्यानं अंक उघडला तेव्हा मृणाली पुढं वाकली. पानापानावर कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, भाताच्या पेजेनं, आणि त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. काही ओळींखाली रेघा, काहींपुढं प्रश्नचिन्हं.

“ह्या पट्ट्या कशाला?” तिनं विचारलं.

“लिवायला जागाच नाय वो बाजूला,” दादू म्हणाला. “आणि अंक वाचनालयाचा हाय. पेज पाण्यानं निघते.”

पालीच्या वाचनालयात ‘नादबंदर’ची एक प्रत जायची. तिथला ग्रंथपाल ती अंक आला की थेट दादूला देऊन टाकायचा, कारण दुसरं कुणी मागत नव्हतं. अकरा वर्षं दादू पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक अंक वाचत आला होता. म्हणजे हरिश्चंद्र ज्याच्यासाठी लिहीत होते तो वाचक सापडला होता. तो वर्गणीदार तेवढा नव्हता.

मग दादूनं काय घडलं ते सांगितलं. जाखडीच्या सामन्यात दोन बाजू असतात. शक्तीवाले शक्तीचं मोठेपण गातात, तुरेवाले शिवाचं, आणि मधे शाहीर एकमेकांना सवाल टाकतात. ज्याला जवाब येत नाही त्याची बाजू पडते. लोक नाच बघायला येतात तसे सवाल ऐकायलाही येतात. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दादूचा सामना नितेश धनावडेशी होता. नितेश तिशीतला, तुरेवाल्यांचा नवा शाहीर, मिरजोळ्याच्याच एका कारखान्यात कामाला. दादूनं सवाल टाकला, सात स्वरांचे सात जनक सांग. नितेशनं मोर आणि कोकिळा एवढेच सांगितले आणि तो अडखळला. तूच सांग, म्हणाला. दादूनं ग्रंथांच्या नावांसकट सहा सांगितले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सातवा म्हणून त्यानं माणूस सांगितला.

“माणूस?” हरिश्चंद्र म्हणाले.

दादूनं पान चौदा आणि पंधरा त्यांच्यापुढं धरलं. ‘निषादाचा जनक’ या शब्दांवरून त्याचं बोट सरळ शेजारच्या पानावर गेलं आणि हात जोडलेल्या कारखानदाराच्या पोटावर थांबलं.

“मना वाटला, तुमी चित्रातून सांगताव. मोर, बैल, घोडा, सगळी जनावरा झाली, शेवटी माणूस. लय विचार केला मी त्याच्यावर. बरोबरच वाटला.”

मृणालीनं मान खाली घातली. हरिश्चंद्रांना हसू येईना.

पुढं असं झालं होतं की नितेशनं हत्ती म्हटलं. त्यानं मोबाइलवर काढून दाखवलं. पण दोन्ही बाजूंच्या जाणत्यांनी मोबाइल मानला नाही. मागच्या वर्षी एका सवालाला मोबाइलनं तीन जवाब दिले होते आणि खुर्च्या फेकाफेकीवर आलं होतं, तेव्हापासून छापील पुरावाच धरायचा असं ठरलेलं. दादूनं सांगितलं, माझ्याकडं छापील आहे, ‘नादबंदर’, पान चौदा. दाखव म्हटल्यावर त्यानं उरलेलं पुढच्या अंकात येणार असं सांगून वेळ मारून नेली. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या रविवारी पालीला परतीचा सामना होता. तिथं दिवाळी अंक उघडायचा, आणि जो खोटा ठरेल त्यानं दुसऱ्याच्या हातात नारळ देऊन हार मानायची.

“तर येवढा छापा,” दादू म्हणाला. “निषाद माणसाचा.”

“पण तो हत्तीचा आहे.”

“सगळ्या ग्रंथांत?”

“सगळ्या.”

दादूनं अंक मिटून पिशवीत ठेवला. मग म्हणाला, “तुमचा मासिक छापील हाय. तुमी छापलात की तोबी ग्रंथच झाला. आमच्याकडं कोण इचारनार, ह्याच्या आधी कुठं होता म्हणून?”

हरिश्चंद्र म्हणाले, बघतो. एवढं बोलून त्यांना स्वतःचाच राग आला, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. दादू उठला, चप्पल घालताना वळून म्हणाला, “आणि पान तीनवर आमच्याबद्दल लिवलाव, ते वाचला. घुंगरू आमी येकाच पायात बांधतो. तेवढा दुरुस्त करा.”

पंधरा दिवसांत वर्गण्या यायला लागल्या. पाली, नाणीज, हातखंबा, आणि मग दिवा, विरार, नालासोपारा. दोन्ही बाजूंच्या मंडळांचे मुंबईतले लोक अंकासाठी नावं नोंदवत होते. कुणी फोनवरून पत्ता सांगताना विचारायचं, यातच आहे ना तो जनावराचा निकाल. दसऱ्यापर्यंत दोनशे एकतीस नवे वर्गणीदार झाले. सावित्रीची वेष्टनं संपली. तिनं पत्त्यांची यादी बघितली आणि म्हणाली की इतक्या गोरिवल्यांना आणि धनावड्यांना एकदम संगीत आवडायला लागलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

हरिश्चंद्र मात्र बिघडले. आपण लिहिलेलं सहाशे माणसं वाट बघून वाचणार, ही कल्पना त्यांनी एकोणीस वर्षं केली होती आणि आता ती खरी झाल्यावर त्यांना एक ओळ लिहिता येईना. एकदा त्यांनी लिहिलं, ‘काही विद्वानांच्या मते निषादाचा संबंध मानवी कंठाशीही जोडता येईल.’ हे काही विद्वान कोण, असा प्रश्न त्यांनी दुसऱ्या कुणाच्या लेखात पेन्सिलीनं समोर लिहून ठेवला असता. त्यांनी ओळ खोडली. दुपारी पुन्हा लिहिली. दादूचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दुसरीकडं, चूक छापून आपण तिला ग्रंथ करणार, हेही सहन होत नव्हतं. सावित्रीनं एक दिवस विचारलं की त्या माणसाची बाजू पडली तर त्याचं नेमकं काय जातं. चाळीस वर्षं कमावलेलं नाव, असं काहीतरी हरिश्चंद्र म्हणाले, आणि ते म्हणताना आपण कुणाच्या नावाबद्दल बोलतोय याची त्यांना नीट खात्री नव्हती.

शेवटी ते मिरजोळ्याला गेले. लेख पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत, अख्खा छापायचा, असं त्यांनी मृणालीला सांगितलं. सातही स्वर. मग ते तिच्या मागं येऊन उभे राहिले.

“शेवटचा परिच्छेद जरा बारीक अक्षरात घेता येईल का?” त्यांनी विचारलं.

मृणालीनं खुर्ची वळवली. “हत्ती लहान करू?”

तिनं स्वतःच्या मनानं पान लावलं. अंकाच्या बरोबर मधली पानं, मोठं अक्षर, मोकळ्या ओळी, बाजूला दोन बोटं समास. पहिल्यांदाच त्यांनी तिला अडवलं नाही. वर एक खुलाशाची चौकट होती, ‘गेल्या अंकात तांत्रिक कारणामुळे हा लेख अपूर्ण राहिला.’ ती टाइप करून झाल्यावर मृणालीनं विचारलं, “हे तांत्रिक कारण म्हणजे मी का?” हरिश्चंद्र म्हणाले, असं लिहायची पद्धत आहे. आणि ते तसंच छापलं गेलं.

परतीचा सामना पालीच्या बाजाराजवळ मांडवात होता, रविवारी दुपारी चारला, कारण मुंबईकरांना संध्याकाळच्या गाड्या पकडायच्या होत्या. आयुष्यात प्रथमच हरिश्चंद्र जाखडीला गेले. मृणाली बरोबर होती. संपादक आले म्हणून त्यांना पुढच्या रांगेत, दोन्ही बाजूंच्या बरोबर मधे, खुर्ची दिली आणि टोपी घातली. हजारभर माणूस असेल. निम्म्यांच्या हातांत ‘नादबंदर’ होता. काहीजण त्याचा पंखा करून वारा घेत होते. आपला अंक एवढ्या लोकांनी एकत्र उघडलेला बघून हरिश्चंद्रांचा ऊर भरून आला, आणि आता काय होणार हे आठवून लगेच रिकामा झाला.

ढोलकी वाजली, नाचणारे गोल फिरले. हरिश्चंद्रांनी त्यांचे पाय पाहिले. घुंगरांचा चाळ एकाच पायात होता. ताल मात्र असा बांधलेला होता की दुसरा पाय मुका का ठेवलाय हे त्यांना दोन फेऱ्यांतच कळलं आणि आपण ते कुठं लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

मग नितेश पुढं आला. त्यानं अंक वर धरला, मधलं पान उघडलं आणि माइकवर सावकाश वाचलं, ‘आता राहिला निषाद. निषादाचा जनक हत्ती. याबाबत ग्रंथकारांत मतभेद नाही.’ तुरेवाल्यांच्या बाजूनं आरोळी उठली. दादूनं अंक घेऊन स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. हरिश्चंद्रांकडं त्यानं पाहिलं नाही. त्यानं नारळ उचलला.

हरिश्चंद्र कधी उठले आणि माइकपाशी कधी पोचले हे त्यांना स्वतःला नंतर सांगता आलं नाही. ते म्हणाले की दादू गोरिवल्यांचं काही चुकलेलं नाही. जेवढं छापलं होतं तेवढं त्यांनी बरोबर वाचलं, आणि तीनशे चौऱ्याऐंशी वर्गणीदारांतही त्यांच्याइतकं कुणी वाचलेलं नाही. हत्तीच्या ओळी गळाल्या त्या तांत्रिक कारणानं नव्हे. तिसऱ्या पानावर मी ऐनवेळी चौदा ओळी घुसवल्या म्हणून त्या गळाल्या. छापखान्यानं सावध केलं होतं, मी ऐकलं नाही.

“त्या चौदा ओळी कसल्या होत्या?” मागून कुणीतरी विचारलं.

श्रावणाचा अंक तिथं दादूखेरीज कुणी वाचलेला नव्हता. हरिश्चंद्रांना सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्यांनी सांगितलं. “तुमच्याविरुद्ध होत्या. हा गोंगाट आहे, असं मी लिहिलं होतं.”

चहावाला किटली हातात धरून पुढं बघायला आला. मृणाली खुर्चीतून अर्धी उठली होती. दादूनं नारळ नितेशच्या हातात दिला, त्याच्यापुढं रीतीप्रमाणे मान लववली, आणि मग वळून ढोलकीवाल्याला खूण केली. तिथल्या तिथं जुळवून त्यानं म्हटलं,

“चौदा ओळी आत आल्या, हत्ती गेला भाईर,
संपादकाच्या पायी पडला शक्तीचा शाहीर.
येका पायात चाळ आमच्या, दोन मोजतो कसा,
न बघताच लिवणारा हा पावना आणलाव कसा?”

पहिल्यांदा हसले ते तुरेवाले. मग शक्तीवाले. मग चहावाला. कोरसनं शेवटची ओळ चार वेळा घोळवली आणि नाचणारे हरिश्चंद्रांभोवती गोल फिरले. टोपी घातलेले हरिश्चंद्र मधे उभे होते. हात कुठं ठेवावे हे न कळून त्यांनी ते जोडले. फोटो काढणाऱ्यांना तेवढंच हवं होतं.

ते गाणं आठ दिवसांत जिल्हाभर आणि विरारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. हरिश्चंद्रांच्या संगीतसेवेची दखल यापूर्वी इतक्या लोकांनी कधी घेतली नव्हती. रिक्षावाले त्यांना ओळखायला लागले. वर्गणीदार हजाराच्या पुढं गेले. पुढचा अंक मृणालीनं पूर्ण तिच्या पद्धतीनं लावला, समास सोडून, आणि त्यात हरिश्चंद्रांचे लेख निम्म्यावर आले, कारण मोठ्या अक्षरात तेवढेच मावत होते. त्यांनी तक्रार केली नाही. मोठ्या अक्षरात वाचल्यावर आपल्या काही वाक्यांत फारसं काही नसतं हे त्यांना प्रथमच दिसायला लागलं होतं आणि ती ते स्वतःच काढून टाकत होते. पुण्याच्या प्राध्यापकांनी मात्र वर्गणी थांबवली. लेख आता संपायला लागल्यामुळे त्यांतली गूढता गेली, असं त्यांनी कळवलं.

दादूला तोंड दाखवायचं हरिश्चंद्रांना जड जात होतं. हार त्याची झाली होती आणि फायदा आपला झाला होता. डिसेंबरात त्यांनी त्याला पत्र लिहून बोलावलं. काय बोलायचं ते चार दिवस ठरवत होते. ठरल्या दिवशी सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. नितेश चालवत होता. मागं दादू बसला होता, मांडीवर औषधाचा कॅन घेऊन. दोघं आत आले आणि एकाच बाकावर बसले. सावित्रीनं चहा दिला. दादूनं त्याच्यातला थोडा बशीत ओतून नितेशपुढं सरकवला.

हरिश्चंद्रांनी ठरवलेलं सगळं विसरून विचारलं, तुम्ही दोघं एकत्र कसे.

“माझ्या बहिनीचा जावई तो,” दादू म्हणाला. “तुमाला नाय म्हायत? आख्ख्या पालीला म्हायत हाय.”

“मग तो नारळ? ती हार?”

“ती झालीच ना. ती मांडवात झाली.” दादूनं चहा संपवला. “उंद्या कलमांवर फवारनी हाय. मोहर फुटलाय आणि पंप त्याचा हाय. तुमचा काम काय ते लवकर सांगा.”

हरिश्चंद्र म्हणाले, काम असं काही नाही. पुढच्या अंकात जाखडीच्या तालावर एक लेख हवा आहे, तो दोघांनी मिळून लिहावा. नितेशनं किती पानं म्हणून विचारलं. हरिश्चंद्रांनी चार सांगितली. दादू म्हणाला, चारात नाही बसणार, सहा लागतील, आणि तेवढी बसतील का ते मृणालीला आधी विचारून घ्या.